चालण्यातील खंड क्षमापित करणेबाबत

नियम क्रमांक नऊ मी स्वतः लिहिला, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर नंतर कुणीतरी सांगणारच, आणि ते ज्या आनंदाने सांगेल त्यापेक्षा मी सांगितलेलं मला कमी झोंबेल.

आमच्या इमारतीसमोर एक बाग आहे. बागेत चालण्यासाठी गोल मार्ग आहे, आणि सकाळी सहा ते आठ तो आमच्या प्रभात मंडळासाठी राखून ठेवलेला आहे. राखून म्हणजे अगदी राखून. फाटकाशी रखवालदाराची खोली, खोलीत खिळ्यांची फळी, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका सभासदाचा पास. आपण जायचं, आपला पास गळ्यात घालायचा, चाळीस मिनिटं गोल गोल फिरायचं आणि पास खिळ्याला लावून घरी यायचं. आठनंतर बाग सगळ्यांना खुली होते, पण तेव्हा मी कार्यालयाच्या वाटेवर असतो. संध्याकाळी ती फक्त लहान मुलांसाठी असते, आणि मी एक्कावन्न वर्षांचा आहे. मंडळाचे अध्यक्ष परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेतून निवृत्त झाले आहेत. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला मान वळवू दिली नाही. आता ते बागेत वही घेऊन उभे असतात आणि कोण किती वाजता आलं, कुणाच्या किती फेऱ्या झाल्या, हे टिपून घेतात. महिन्याचा तक्ता फाटकावर लागतो. आलात तर हिरवी खूण, नाही आलात तर तांबडी.

या मंडळात मी शिरलो तो डॉक्टरीणबाईंच्या धाकाने. यंत्रावर माझा रक्तदाब बघून त्या म्हणाल्या, तीन महिने चाला, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल आणि ती मग सुटायची नाही. त्या वयाने तिशीच्या आत आहेत आणि मला 'काका' म्हणतात. गोळीपेक्षा मला ते जास्त लागलं.

पण खरी गोष्ट गोळीची नव्हती. खरी गोष्ट बायकोची होती. गेल्या पंधरा वर्षांत मी तिच्या डोळ्यांदेखत बऱ्याच चांगल्या सवयी सुरू केल्या आहेत. दोरीवरच्या उड्या मारल्या; खालच्या मजल्यावरचे लोक भेटायला आले. जागच्या जागी चालवायची सायकल घेतली. तिच्यावर आता टॉवेल वाळतात. एकदा साखर बंद केली, सोमवारी; मंगळवारी ती पुन्हा सुरू झाली. दर वेळी बायको काही बोलत नाही. फक्त सायकलवर टॉवेल टाकते. यावेळी मात्र मी चालायला लागून दोन आठवडे झाले होते आणि ती तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, ते मी दाराआडून ऐकलं. ती म्हणत होती, "यावेळी ते करतील गं. यावेळी मला खरंच वाटतंय."

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्याबद्दल असं वाक्य मी त्या घरात प्रथमच ऐकलं. मी तसाच मागे फिरलो आणि स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या डब्याला झाकण घट्ट लावलं.

आता नियम क्रमांक नऊ. मी एका मोठ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे. कोण कधी नोकरीला लागलं, कोण किती दिवस रजेवर होतं आणि कुणाच्या सेवेत परवानगीशिवाय किती दिवसांचा खंड पडला, हे बघणं माझं काम. असा खंड एका दिवसाचा जरी पडला तरी माणसाची त्याआधीची सगळी सेवा बुडते. ती बुडू नये म्हणून त्याने अर्ज करायचा, कारणं द्यायची, कागद जोडायचे आणि आम्ही तो खंड क्षमापित करायचा, म्हणजे माफ करायचा. सत्तावीस वर्षांत मी कितीतरी खंड क्षमापित केले आहेत आणि त्याहून कितीतरी जास्त परत पाठवले आहेत. असा माणूस ज्या मंडळात सामील होतो त्या मंडळाला नियमच नाहीत, हे आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मला अन्न गोड लागेना.

त्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांना आपण 'वरचे' म्हणू. हे वरचे आठवड्यातून दोनदा उगवायचे, तेही साडेसहाला, एक फेरी मारायचे आणि बाकावर बसून हसायचे. कशाला हसायचे ते विचारलं की म्हणायचे, सहजच. शिस्तीने चालणाऱ्या माणसासमोर कुणी सहज हसत बसलेलं असलं की पाय जड होतात. म्हणून मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं, आपल्याला नियमावली हवी. अध्यक्षांचे डोळे पाणावले. दोन संध्याकाळी बसून मी चौदा नियम लिहून काढले. त्यातला नववा असा: जो सभासद पूर्वपरवानगीशिवाय एक दिवसही गैरहजर राहील, त्याची आधीची सलग हजेरी रद्द समजली जाईल, त्याचा पास काढून घेतला जाईल, आणि सदर खंड क्षमापित होईपर्यंत त्यास मार्गावर प्रवेश राहणार नाही. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला तेव्हा मी वरच्यांकडे बघत होतो. ते हसत होते, सहजच.

तेविसाव्या दिवसापर्यंत माझ्या नावापुढे सगळ्या खुणा हिरव्या होत्या. त्याच सुमाराला बायकोच्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि बायको आठवडाभरासाठी तिच्याकडे गेली. जाताना तिने फ्रीजमध्ये डबे भरून ठेवले आणि म्हणाली, मी नाही म्हणून काही बदलू नका. मी म्हटलं, छे.

मंगळवार हा तेविसावा दिवस. सकाळी चालून, नाश्ता करून, माणसासारखा कार्यालयात गेलो, आणि दारातच कळलं की मुख्यालयाचं तपासणी पथक आलं आहे. पथकात तिघे होते. एक विचारायचा, दुसरा लिहायचा आणि तिसरा आमच्या चेहऱ्याकडे बघायचा. त्यांना अकरा वर्षांपूर्वीच्या फायली हव्या होत्या. अभिलेख कक्ष चौथ्या मजल्यावर आणि उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, पथकासाठी राखीव. मी दिवसभरात चौथ्या मजल्यावर नऊ वेळा चढलो. तपासणीत एवढंच निघालं की हजेरीपटावर एका वर्षी काही सह्या निळ्याऐवजी हिरव्या शाईत झालेल्या आहेत. या गंभीर बाबीचा खुलासा आजच द्या, असं आमच्या साहेबांना सांगण्यात आलं. साहेबांनी ते उपसाहेबांना सांगितलं, उपसाहेबांनी मला सांगितलं आणि माझ्या खाली सांगायला कुणी नव्हतं. दुपारचं जेवण राहिलं. चार वाजता पथकासाठी मागवलेलं तळलेलं काहीतरी उरलं होतं, ते मी उभ्या उभ्या खाल्लं. ते कशाचं होतं हे आजही सांगता येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. फ्रीज उघडला, डबे बघितले, गरम करायचा विचार केला आणि त्या विचारानेच थकलो. मग बिस्किटांचा डबा घेऊन खुर्चीत बसलो. बूट काढायचे होते. सकाळी गजर झाला तेव्हा तो कार्यालयाचा फोन आहे असं समजून मी, "हो साहेब, खुलासा पाठवतो," असं म्हणालो आणि पुन्हा झोपलो. जाग आली तेव्हा पावणेआठ वाजले होते, बूट पायातच होते, डबा रिकामा होता आणि मान एका बाजूला वळली होती ती सरळ होईना.

तर हा बुधवार, म्हणजे खंड.

आता कुणालाही वाटेल की गुरुवारी सकाळी उठावं आणि चालायला लागावं. मलाही तसंच वाटलं, हे मी नम्रपणे नमूद करतो. गुरुवारी पावणेसहालाच मी फाटकाशी हजर होतो. माझ्या खिळ्यावर पास नव्हता. रखवालदार म्हणाला, अध्यक्षसाहेबांनी काढून घेतला. आतून अध्यक्ष वही घेऊन आले आणि फाटकाच्या त्या बाजूला उभे राहिले. मी त्यांना पथक, हिरवी शाई, चौथा मजला हे सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. नंतर म्हणाले की त्यांना मनापासून वाईट वाटतं, पण नियम माझाच आहे आणि तो इतका उत्तम लिहिला आहे की त्यातून वाटच काढता येत नाही. रीतसर अर्ज करा, वैद्यकीय दाखला जोडा, दोन सभासदांची शिफारस घ्या. रविवारच्या बैठकीत ठेवू. ही सगळी जोडपत्रं मीच नियम दहामध्ये घातली होती. काय सांगू, त्या अवस्थेतही मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

मी मागे फिरलो ते मनाशी पक्कं ठरवून. बायको रविवारी संध्याकाळी येणार होती. तिच्या आधी तो तक्ता हिरवा झाला पाहिजे. तेवीस दिवस बुडाले तर ती एक शब्द बोलणार नाही, आणि तेच मला नको होतं.

त्या दिवशी संध्याकाळी तिचा नेहमीप्रमाणे फोन आला. चालणं झालं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, त्या बाबतीत पाठपुरावा चालू आहे. जेवलात का? म्हटलं, प्रक्रियेत आहे. ती म्हणाली, बरं. मी खोटं बोललो नाही. मी कार्यालयीन बोललो. ते बोलत असताना माझ्यासमोर अर्जाचा तिसरा मसुदा होता आणि मसुद्यावर पावाचे तुकडे पडले होते, कारण अर्ज लिहायचा तर जेवण गरम करायला वेळ कुठून आणणार.

अर्ज मात्र झाला सुरेख. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. 'सदर खंड हा अर्जदाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणास्तव उद्भवला असून त्यामागे चालण्याप्रती अनास्था नाही' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. शेजारच्या काकूंना आमच्या दिव्याचा उजेड दिसला म्हणून त्या चौकशीला आल्या. काकूंचं वय पंचाहत्तर आहे आणि त्यांच्या गाठीशी न पाळलेल्या पथ्यांचा मोठा अनुभव आहे. त्यांनी मला काकडीचा रस सांगितला, उशी काढून झोपायला सांगितलं, डाव्या कुशीवर जेवण जिरतं असं सांगितलं, आणि जाताना अर्ज उचलून वाचला. म्हणाल्या, "अरे, चालायला एवढं शिक्षण लागतं होय?" मी त्यांच्या हातून अर्ज काढून घेतला. रस मात्र मी पुढे दोन दिवस घेतला, कारण त्या तो स्वतः घेऊन यायच्या आणि संपेपर्यंत बसायच्या.

शुक्रवारी वैद्यकीय दाखला. दवाखान्यात सव्वा तास बसलो. माझ्या शेजारी एक बाई होत्या, त्यांनी मला बसल्या बसल्या आपल्या तिन्ही जावांची दुखणी सांगितली. अखेर नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला. गेल्या खेपेपेक्षा वाढलेला होता. त्यांनी विचारलं, काका, झालं काय? मी त्यांना नियम नऊपासून नियम दहापर्यंत सगळं समजावून दिलं आणि 'सदर इसम दररोज चालण्यास सक्षम आहे' असा दाखला मागितला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, मीच तुम्हाला चालायला सांगितलं ना? मग तुम्ही चालू शकता हे मी पुन्हा कुणाला लिहून द्यायचं? आणि हा आकडा बघून कशी लिहू? आधी थोडे दिवस नीट चाला, मग या, देते."

मी म्हटलं, दाखल्याशिवाय चालता येत नाही. त्या म्हणाल्या, चालल्याशिवाय दाखला देता येत नाही. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो. सत्तावीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हेच केलं होतं, पण या बाजूला एवढं गुदमरायला होतं याची मला कल्पना नव्हती. शेवटी बाहेर रांग वाढली म्हणून त्यांनी एका कागदावर लिहिलं, 'यांना चालू द्यावे' आणि खाली सही ठोकली. हा दाखला आहे की विनवणी, ते मलाही कळेना.

शनिवारी शिफारशी. मंडळात माझ्या ओळखीचे बरेच, पण नियम अकराप्रमाणे शिफारस करणाऱ्याची स्वतःची हजेरी नियम लागू झाल्यापासून अखंड हवी. मी तक्त्यासमोर उभा राहून नावं तपासली. कुणाचा घसा बसला होता, कुणाकडे पाहुणे आले होते, कुणी मुलीला सोडायला स्टेशनवर गेलं होतं; जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे एकेक तांबडी खूण. आधी परवानगी घेतलेल्यांचे पास तेवढे वाचले होते, पण माझ्या नियमाने मंडळातली उरलेली निम्मी माणसं घरी बसवली होती, आणि त्यांनी अर्ज वगैरे काही केलेले नव्हते. ती सुखाने झोपत होती. अखंड हिरवी नावं फक्त दोन उरली होती. एक स्वतः अध्यक्ष, आणि दुसरे वरचे.

जिना चढताना मी तीन वेळा थांबलो. दम लागला म्हणूनही. दार त्यांनीच उघडलं आणि मी दचकलो, कारण त्यांचं पोट जागेवर नव्हतं. समोर फळांच्या फोडींची बशी होती, बाजूला पाण्याचा तांब्या होता. मी येण्याचं कारण सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता मनसोक्त हसणार. ते हसले नाहीत, हे आणखी वाईट झालं. त्यांनी मला खुर्ची दिली, फळं पुढे केली आणि अगदी मनापासून माझे आभार मानले. म्हणाले, "खरं सांगू का, मला कुणी कधी धरून आणलंच नव्हतं. तुमच्या नवव्या नियमाची भीती बसली आणि रोज उठायला लागलो. चार किलो उतरलो. हिला विचारा." त्यांच्या बायकोने आतून येऊन माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं आणि म्हणाली की भावजी, तुमचे उपकार आहेत. ज्या माणसाला बागेबाहेर काढण्यासाठी मी दोन संध्याकाळी खर्ची घातल्या, तो त्या नियमावर सडपातळ होऊन माझ्या अर्जावर सही करत होता. सही सुवाच्य होती. मी फळाची एक फोड तोंडात टाकली आणि अर्ज घेऊन निघालो.

दुसरी शिफारस अध्यक्षांनी स्वतःलाच उद्देशून लिहून दिली.

रविवारी सकाळी बैठक. मंडळाची बैठक बागेतल्या बाकांवर भरते, आणि मला बागेत प्रवेश नाही. तेव्हा मी फाटकाच्या बाहेर गज धरून उभा राहिलो आणि आतले लोक माझ्या प्रकरणावर बोलू लागले. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने आपल्या मुलाला माझ्यापासून दूर ओढलं. अध्यक्षांनी अर्ज वाचला. एका सभासदाने विचारलं की कार्यालयातला त्रास हे कारण एकदा मानलं तर उद्या सगळेच मानतील, त्याचं काय. दुसऱ्याने शंका काढली की दाखल्यात 'सक्षम' हा शब्द नाही. हा आक्षेप इतका अचूक होता की तो माझ्या हाताखालच्या माणसाने काढला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. वरचे तेवढे माझ्या बाजूने बोलले, आणि बऱ्यापैकी कळकळीने बोलले. अखेर पाऊण तासाने ठराव झाला: विशेष बाब म्हणून, आणि हा पायंडा समजला जाणार नाही या अटीवर, बुधवारचा खंड क्षमापित करण्यात येत आहे.

मी गजांमधून हात आत घालून अध्यक्षांचा हात दाबला आणि पास मागितला.

अध्यक्षांनी वही चाळली. मग म्हणाले, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि आज रविवार, या चार दिवसांचं काय? मी म्हटलं, त्या दिवसांत माझा पास तुमच्याकडे होता, मी येणार कसा? ते म्हणाले, ते ठीक आहे, पण पूर्वपरवानगी होती का? नव्हती. नियमात अपवाद आहे का? नव्हता. मी एकही अपवाद ठेवला नव्हता, कारण अपवाद ठेवले की वरचे त्यातून निसटतील असं मला वाटलं होतं. या चार दिवसांसाठी वेगळा अर्ज करा, पुढच्या रविवारी ठेवू. तोवर आणखी सात दिवस होतील, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तेही टिपून घेतलं.

थोडक्यात, एका दिवसाचा खंड भरून काढण्यासाठी मी आणखी चार दिवस घरी बसलो होतो, पाव आणि बिस्किटांवर जगलो होतो, रक्तदाब वाढवून घेतला होता, आणि हे सगळं आरोग्यासाठी केलं होतं.

बायको संध्याकाळी आली. मी दार उघडलं आणि ती आत येण्याआधीच मला कळलं की तिने फाटकावर थांबून तक्ता बघितला आहे. तिने बॅग खाली ठेवली, चप्पल काढली, फ्रीज उघडला. डबे जसेच्या तसे होते. ती म्हणाली, "पाच दिवस तांबडे आहेत."

मी घाईघाईने फाईल पुढे केली. त्यातला एक क्षमापित झाला आहे, म्हटलं, चारांचं काम चालू आहे. ती खुर्चीत बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. अर्ज वाचला, दाखला वाचला, वरच्यांची शिफारस वाचली, ठरावाची प्रत वाचली. अकरा पानं होती. हिरव्या शाईच्या प्रकरणाला ती हसेल असं मला वाटत होतं. ती हसली नाही.

"हे लिहायला किती वेळ लागायचा?"

"रोजचा दीड तास."

"आणि चालायला?"

"चाळीस मिनिटं."

तिने फाईल मिटून टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी रोज ताईला सांगत होते. तिला उठवत नव्हतं, पाय टेकवत नव्हता, रडायची. मी म्हणायची, बघ, हे इतक्या वर्षांनी चालायला लागले, तुला का नाही जमणार. काल ती दारापर्यंत चालत गेली." आणि ती उठून डबे गरम करायला लागली.

मी सत्तावीस वर्षं लोकांचे खुलासे वाचत आलो आहे. कुठल्या प्रश्नाला कुठला खुलासा लागतो हे मला झोपेतही सांगता येतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला एकही सुचेना, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

सोमवारी सकाळी सहाला तिने मला हलवून उठवलं. ती स्वतः तयार होती. मी म्हटलं, माझा पास नाही. ती म्हणाली, बूट घाला. आम्ही खाली उतरलो, रस्ता ओलांडून फाटकाशी आलो. रखवालदार उठून उभा राहिला आणि अवघडून म्हणाला, बाई, यांना आत सोडता येत नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिने फाटकाकडे बघितलंसुद्धा नाही. ती डावीकडे वळली आणि बागेच्या कुंपणाबाहेरून जो रस्ता जातो, त्या रस्त्याने चालू लागली.

मी जागेवरच थांबलो. तो रस्ता कालही तिथेच होता. गुरुवारीही होता. मी त्या रस्त्यावर उभं राहूनच गजांना धरलं होतं.

"येताय ना?" ती पुढून म्हणाली.

मी धावत जाऊन तिला गाठलं. सुरुवातीला दम लागला, मग लागेनासा झाला. मी घड्याळ बघायला हात वर केला तर तिने तो खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला. रस्त्यावर दूधवाला होता, एक कुत्रं होतं, शाळेची बस होती. आम्ही तिच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोललो, पथकाबद्दल बोललो. हिरव्या शाईला ती आत्ता हसली. मग मी तिला विचारलं, आज ताईंना काय सांगणार? ती म्हणाली, "चालतायत म्हणून सांगेन. खोटं आहे का?"

कुंपणाच्या आत मंडळाच्या फेऱ्या चालू होत्या. वरचे समोरून आले, आम्हाला बघून त्यांनी हात केला आणि हसले, सहजच. त्यांच्या मागे अध्यक्ष वही घेऊन उभे होते. आम्हाला पाहून ते गजांजवळ आले आणि आमच्याबरोबर आतून चार पावलं चालले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती.

"अहो," ते म्हणाले, "हे बाहेरचं चालणं मला धरता येणार नाही हं."

"नका धरू," मी म्हणालो, आणि आम्ही पुढे गेलो.